टॉवर दिसला पाहिजे

सिंदीच्या कापसाच्या जिनामागं टॉवर उभा राहून वर्ष होऊन गेलं होतं, पण हिवऱ्यातल्या कुणी त्याच्याकडे मुद्दाम पाहिलं नव्हतं. दोन कोसांवरचं लोखंड बघून कुणाची चूल पेटते? डोमाजीनं तो पहिल्यांदा नीट पाहिला तो होळीच्या तोंडावर, स्वतःच्या घराच्या कवेलूच्या छपरावर उकिडवा बसून. तेही कंपनीच्या पोरानं पाहायला लावला म्हणून.

कंपनीचा पोरगा म्हणजे धनंजय. वर्ध्याचा होता, मोटारसायकलीवर यायचा आणि उतरला की भुवयांवरची धूळ आधी पुसायचा. त्याची कंपनी खेड्यापाड्यात इंटरनेटची केंद्रं उघडत होती. गावोगाव तार ओढणं परवडत नाही, म्हणून टॉवरवरून हवेतून लाईन द्यायची आणि घरावरच्या खांबाला लावलेल्या पत्र्याच्या ताटलीनं ती झेलायची, असा हिशेब. हिवऱ्याचं केंद्र डोमाजीच्या पोरीला, ज्योत्स्नाला मिळालं होतं.

"काका, बाकी सगळं झालं," धनंजय शेजारून म्हणाला. "आता एकच अट. तुमच्या घरावरून टॉवर दिसला पाहिजे."

डोमाजीनं कपाळावर हात आडवा धरला. घर गावाच्या अगदी कडेला. मागं त्याचंच वावर, वावराच्या घराकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कडुनिंब, आणि त्यापलीकडे सिंदीपर्यंत नुसतं काळं सपाट रान. "दिसून राह्यला जी. लाल-पांढरा. लख्ख."

"मग झालं तर. ज्याला टॉवर दिसतो, त्याला लाईन मिळते."

निंबाकडे दोघांनीही पाहिलं नाही. धनंजय झाडं पाहायला आला नव्हता, आणि डोमाजी ते झाड रोज पाहायचा, म्हणून त्याला ते दिसलं नाही. शिवाय फाल्गुनात निंब पार झडलेला होता. नुसत्या काड्या. काड्यांमधून टॉवर काय, सिंदीच्या टेसनावरची मालगाडीही दिसली असती.

ज्योत्स्ना तळेगावला दिलेली होती. दोन वर्षांनी एका सकाळी एसटीतून उतरली ती लोखंडी पेटी घेऊनच. तिकडे काय घडलं ते तिनं सांगितलं नाही, आणि घरच्यांनी उकरून विचारलं नाही. गावानं मात्र काही विचारायचं बाकी ठेवलं नाही. कुणाच्या डोहाळजेवणाला गेली तर बायका ओटी भरताना तिला ओलांडून पुढच्या बाईकडे वळत. मग तिनं जाणंच सोडलं. बारावी झालेली होती, सिंदीला जाऊन कॉम्प्युटर शिकली, आणि आता घरापुढच्या सपरीत निळं कापड पांघरलेलं ते यंत्र येऊन बसलं, तेव्हा पेटी घेऊन उतरल्यापासून पहिल्यांदा ती दारात उभी राहून मोठ्यानं हसली. डोमाजीला तेवढं हसू पुरे होतं. पोरीच्या पायाखाली हातभर जमीन आली, असं त्याला वाटलं.

केंद्र चाललं. सिंदीच्या कॅफेत तासाला जे घेत त्याच्या पावपटीत ज्योत्स्ना काम करून द्यायची, आणि एसटीचं भाडं अन् बुडालेला रोज वेगळाच वाचायचा. म्हातारी मनकर्णाबाई सुरतेच्या नातवाचा फोटो बघायला यायची आणि काचेवरून हात फिरवायची. "माय, डोळे तं तेच हायेत वं," म्हणायची. बौद्धपुऱ्यातल्या पोरी यायच्या, गोंडांच्या वस्तीतला एकजण आदिवासी वसतिगृहाची चौकशी करून गेला. सपरीला उंबरा नव्हता, त्यामुळे कुणी कुठं थांबायचं हा प्रश्नच आला नाही. हे काही ज्योत्स्नानं ठरवून केलं नव्हतं, सपरीच तशी होती.

गुढीपाडवा झाला आणि निंबाला पालवी फुटली.

आधी लाईन दुपारची संथ व्हायला लागली. मग वाऱ्यासारखी ये-जा करू लागली. फांद्या हलल्या की येई, थांबल्या की जाई. निंब मोहरून वास सुटला त्या आठवड्यात ती गेली ती गेलीच. ज्योत्स्ना दिवसभर यंत्रासमोर बसे आणि तेच पांढरं पान उघडायची वाट पाही. येणारे मागच्या पावली परत जात.

धनंजय आला, शिडी लावून वर चढला, आणि वरूनच ओरडला, "काका, हे झाड कुठून आलं?"

"कुठून येते?" डोमाजी खालून म्हणाला. "तिथंच हाये वीस-बावीस वर्षांपासून."

"पण मी पाहिलं तेव्हा तर..."

"तवा पानं झडलेली होती ना जी."

"मग तुम्ही सांगायचं नाही का?"

डोमाजी गोंधळला. झाडाला पानं येतात हे शहाण्यासुरत्या माणसाला सांगायचं असतं, हे त्याला सुचलंच नव्हतं. "तुमी म्हणलं हवेतून येते," तो म्हणाला. "हवा तं पानातून जाते. म्या म्हणलं, हेबी जात असन."

धनंजय हसला नाही. चूक दोघांची होती आणि ती त्याला कळत होती.

त्या रात्री डोमाजी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कमरेला कोयता खोचून तो धुऱ्यावर गेला. त्याची बायको शकुंतलाबाई पाठोपाठ आली.

"काय करता?"

"थोडा छाटतो. लाईनीपुरता."

ती खोडाला हात लावून उभी राहिली. "त्याले लय लागू देऊ नका," म्हणाली.

हा निंब डोमाजीनं लावला होता. ज्योत्स्नाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. आठ महिन्यांचा होऊन तापानं गेला. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. धुऱ्यावर ठेवला, कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर दगड रचले, बोरीच्या काट्या टाकल्या आणि उशाला निंबाचं रोप लावलं. शकुंतलाबाई तेव्हापासून निंबाविषयी बोलायची ती 'तो' म्हणूनच. तो यंदा मोहरला नाही. त्याले पानी पडलं पाहिजे. त्याच्या सावलीत बसा. मराठीत निंब पुल्लिंगीच, त्यामुळे बावीस वर्षांत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. डोमाजीच्या आलं होतं, पण त्यानं तिला कधी बोलून दाखवलं नाही.

साठीला टेकलेलं अंग घेऊन डोमाजी झाडावर चढला. मुंगळे धोतरात शिरले, पोटऱ्या सोलल्या. एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं तो घाव घाली आणि प्रत्येक घावागणिक खाली पाही. ती खालीच उभी होती, पडलेल्या डहाळ्या उचलून एका बाजूला नीट रचत होती. ज्योत्स्ना घरावर चढून पाहत होती. दुपार कलंडली तेव्हा पानांच्या गर्दीत कोनाड्याएवढी खिडकी पडली.

"दिसला बाबा!" ज्योत्स्ना ओरडली. "अख्खा दिसून राह्यला!"

डोमाजी घाईघाईनं उतरला, शिडीवरून वर गेला, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. खिडकीतून टॉवर दिसत होता. खालचे पत्रे, वरच्या पट्ट्या, टोकाचा दिवा, सगळं. तो तसाच सपरीत आला. घामानं सदरा पाठीला चिकटलेला, हाताला चीक. ज्योत्स्नानं यंत्र सुरू केलं. तिघंही वाट पाहत बसले. पांढरं पान पांढरंच राहिलं.

"आता त दिसते," डोमाजी म्हणाला. "दिसला पाहिजे म्हणे. मंग काऊन येत नाई?"

दोन दिवसांनी धनंजयनं उत्तर दिलं. "काका, चुकलंच माझं, तेव्हा नीट सांगायला पाहिजे होतं. दाराच्या फटीतून अंगणातली बैलबंडी दिसते. पण त्या फटीतून बंडी आत येते का? लाईनीचं तसंच. नुसतं दिसून भागत नाही. वाट मोकळी लागते."

"खांब उंच लावा ना मंग."

"एवढा उंच खांब कवेलूचं घर पेलणार नाही. आणि कंपनी देणारही नाही." तो घुटमळला. "दुसरं असं की, चंद्रभानजींचा स्लॅब आहे. दुमजली. तिथून झाड आड येत नाही. ते तयार आहेत, सूनबाई चालवतील म्हणाले. बारावीचा निकाल लागायच्या आत लाईन सुरू नसेल तर केंद्र तिकडे न्या, असं मला वरून सांगितलंय. माझ्या हातात काही नाही, काका."

चंद्रभान गावातला मोठा कास्तकार. त्याच्या घरी गावातला पहिला फोन होता आणि त्याला लाकडी पेटीत कुलूप होतं, यावरून माणूस ओळखावा. पारावर त्यानं डोमाजीला गाठलं.

"डोमाजीभाऊ, तुह्या पोट्टीचं डबडं बंद पडलं म्हनते? वाईट नको वाटून घेऊ. अशा गोष्टी पक्क्या घरात शोभतात. माही रीताबी यंदा बारावीले हाये, घरातच निकाल पाह्यन."

"अन् बाकीचे?"

"येतीन ना. मी काय नाई म्हनतो? जिना बाहेरूनच हाये, पायताणं खाली काढायची तेवढी."

पारावरचे चार जण हसले. डोमाजीनं बिडी विझवली आणि घरी आला. त्या जिन्यावर मनकर्णाबाई चढणार नव्हती आणि बौद्धपुऱ्यातल्या पोरींना चढू दिलं जाणार नव्हतं, हे हसणाऱ्या चौघांनाही ठाऊक होतं.

आखजीच्या, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी शकुंतलाबाईनं पितरांचं पान वाढलं, चिंचवणी केली, आणि दरसालसारखी दुधाची वाटी घेऊन धुऱ्यावर गेली. डोमाजी मागं गेला. काय बोलायचं ते त्यानं आठ दिवस जुळवलं होतं आणि ऐन वेळी त्यातलं एकही वाक्य तोंडात येईना. तिनं बुंध्याशी दूध ओतलं. ते मातीत जिरेपर्यंत पाहत राहिली. मग पदरानं हात पुसत म्हणाली, "ते झाड तोडून टाका."

डोमाजीनं चमकून तिच्याकडे पाहिलं. झाड तोडायचं म्हणून नव्हे, तो तेच मागायला आला होता. ती 'ते' म्हणाली होती.

घरी आल्यावर ज्योत्स्नाच आडवी आली. "कायले तोडता, आई? नेऊ द्या चंद्रभान काकाले. मी कापूस येचीन, काईबी करीन. दादाचं झाड हाये ते."

"दादाले मरून तुह्या जन्माच्या वर झालं," शकुंतलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "एक मातीत ठेवलं. दुसरीले जितेपणी कोपऱ्यात बसवू का? मेलेल्याची सावली कवरिक धरून बसू मी?"

मग तिनं डोमाजीसमोर मसाल्याचा, मिसळणाचा डबा ठेवला आणि त्यातली हिंगाची डबी काढून दिली.

"हे कायले?"

"नुसतं तोडलं तं धुमारे फुटतीन. मंग तुमी दरसाल तोडान. दरसाल पाहवणार नाई माह्यानं. एकदाच करा काय करायचं ते."

झाडाच्या खोडात हिंग भरला की झाड मुळातून मरतं, असं तिकडे मानतात. डोमाजीनं डबी घेतली. त्या क्षणी त्याला बायकोची भीती वाटली आणि भीतीहून जास्त कीव वाटली, पण दोन्हीचं काय करावं हे त्याला कळलं नाही.

लहानू सुतार आरा घेऊन आला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला डोमाजी. ओल्या लाकडात आरा अडकायचा, पाचर ठोकून सोडवावा लागायचा. वैशाखाचं ऊन, आणि दर खेपेला सावली जिथं होती तिथूनच भुसा उडत होता. शकुंतलाबाई अंगण सारवत होती. आदल्याच दिवशी सारवलेलं अंगण तिनं पुन्हा सारवायला घेतलं होतं, धुऱ्याकडे पाठ करून. निंब कडाडला तेव्हा तिचा हात शेणात तसाच थांबला. पुढच्या क्षणी घरात ऊन शिरलं. इतक्या वर्षांत ज्या भिंतीवर सकाळचं ऊन कधी भरून पडलं नव्हतं, तिच्यावर ते भसकन येऊन पडलं, आणि तिच्यावरचे सगळे पोपडे दिसू लागले.

लहानूनं गिरमिटानं बुडख्यात भोकं पाडली. हिंग डोमाजीनं स्वतः भरला, बोटानं दाबून, वरून ओली माती लिंपली. हाताचा वास दोन दिवस गेला नाही.

"लाकूड चांगलं हाये, डोमाजी," लहानू म्हणाला. "चौकटी होतीन."

"राहू दे तिथंच."

लाईन त्याच संध्याकाळी आली.

निकालाच्या दिवशी सपरी फुटायची बाकी होती. सिंदीचे कॅफे गर्दीनं तुंबले होते आणि हिवऱ्याची पोरं आपल्याच गावात बसून निकाल पाहत होती. यंत्र मधेच अडायचं, सगळं गाव श्वास धरायचं, मग पान हळूहळू खाली उतरायचं. चंद्रभानही रीताला घेऊन आला. पायताणं त्यानं स्वतःहून बाहेर काढली. रीता पास झाली, बौद्धपुऱ्यातल्या आकांक्षाला तर तिच्याहून जास्त टक्के पडले, आणि दोघी पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चंद्रभाननं तेवढ्यापुरतं छताकडे पाहिलं. ज्योत्स्ना एकेकाचा नंबर विचारत होती, आणि गावातल्या बायका तिच्या खांद्यावर हात ठेवून वाकून पाहत होत्या. तिला ओलांडून कुणी पुढं गेलं नाही.

डोमाजी दाराशी उभा होता. त्यानं शकुंतलाबाईला खूण केली, पाह्य. तिनं पाहिलं. बरं झालं, असं काहीतरी पुटपुटली आणि पाणी आणायला आत गेली.

हे सुख कापूस फुटेपर्यंत टिकलं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी लाईन गेली. डोमाजी कवेलूवर चढला. आड येणारं आता काहीच नव्हतं. चार दिवसांनी धनंजय आला, पण या वेळी मोटारसायकल नव्हती, सामान न्यायचं मिनीडोअर होतं.

"कंपनीनं हा भाग सोडला, काका," तो म्हणाला. "शहरात आता जाडी लाईन येते, तारेची, दसपट वेगाची. तिकडे गिऱ्हाईक आहे. खेड्यांतून परवडत नाही म्हणे. टॉवर मोबाईलवाल्यांना देऊन टाकला." तो खाली पाहत होता. "मलाही कमी केलं. हे सामान जमा करून दिलं की संपलं."

"मंग आमाले कुठून भेटन?" ज्योत्स्नानं विचारलं.

"सडकेनं जमिनीतून केबल येणार आहे. सरकारी. सगळ्या गावांना."

"कवा?"

"येईल," धनंजय म्हणाला.

डोमाजीचं तोंड कडू झालं होतं. त्याला खूप बोलायचं होतं. तुम्ही म्हणालात दिसला पाहिजे, आम्ही दिसेल असं केलं. त्यासाठी काय तोडलं ते या पोराला ठाऊक नव्हतं, कुणी सांगितलंच नव्हतं. पण पोराच्या बुटाचा तळ उकललेला त्याला दिसला आणि त्यानं नुसती शिडी आणून दिली. ताटली उतरवताना खालून त्यानंच धरली. ती इतकी हलकी होती की त्याला नवल वाटलं.

यंत्रही गेलं. निळं कापड राहिलं, ज्योत्स्नानं ते धुऊन घडी करून पेटीत ठेवलं. त्या हंगामात ती चंद्रभानच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागली. रीता तोवर वर्ध्याला कॉलेजात गेली होती. आकांक्षाची वर्ध्याच्या कॉलेजातली जागा तारीख टळून गेल्यावर कळली, कारण दिवाळीनंतरची ती शेवटची यादी फक्त इंटरनेटवर लागली होती.

पुढच्या आखजीला शकुंतलाबाई वाटी घेऊन धुऱ्यावर गेली. बुडखा वाळून करडा पडला होता, त्याला कुठंच कोंब नव्हता. तिनं दूध कुठं ओतावं याचा जरा विचार केला, मग दगडांवर ओतलं.

दिवस बुडाल्यावर दोघं अंगणात बसली होती. तुरीची डाळ पाखडता पाखडता तिचे हात थांबले. समोर, काळ्या रानाच्या टोकाला, सिंदीच्या टॉवरवरचा लाल दिवा लागत होता, विझत होता. आधी निंब होता तिथून तो आता थेट चुलीपर्यंत दिसायचा.

"दिसते का तुमाले?" तिनं विचारलं.

"दिसते," डोमाजी म्हणाला.

"नुसतं दिसते."

डोमाजीनं बिडी पेटवली.

"तो होता तवा हे दिसत नव्हतं," ती म्हणाली, आणि उठून तिनं आपली बाज ओढत नेऊन भिंतीकडे तोंड करून टाकली.